घबराहटीला मराठीत काय म्हणतात

भोपाळच्या टी. टी. नगरातल्या मराठी पोरांनी कमलिनी पिंपळापुरेचं नाव ‘तांब्याकाकू’ ठेवलं होतं. समोर नुसतं काकू, पाठ वळली की तांब्याकाकू. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानच होता. तांब्याचा नियम तिचाच.

नियम साधा होता. तिच्या घरी पानावर बसलं की मराठीत बोलायचं. ज्याच्या तोंडून हिंदी शब्द निसटेल त्यानं हातातला घास ठेवून उठायचं, माठातून तांब्या भरून आणायचा आणि सगळ्यांचे पेले भरायचे. ‘सब्जी वाढ’ म्हटलं की ऊठ. ‘चावल संपला’ म्हटलं की ऊठ. नवरा नीळकंठ सरकारी कचेरीत दिवसभर हिंदीत टिपण्या लिहून यायचा. त्या बिचाऱ्याचं जेवण कमी आणि उठबस जास्त व्हायची.

“या घरात कोणाला तहान लागायची सोयच नाही,” तो म्हणायचा. “लागायच्या आधीच पाणी येतं.”

रविवारी सकाळी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये ती मुलांचा वर्ग घ्यायची, बिनपैशाचा. नागपूरहून, अमरावतीहून, पुण्याहून बदलीवर आलेल्यांची मुलं असायची; शिवाय तिच्यासारख्या इथंच जन्मलेल्यांची. ती मुलं ‘मी आज लेट उठला’ म्हणायची आणि कमलिनीच्या कपाळावर आठी उमटायची. “लेट कोण उठला? उशिरा उठलास तू, उशिरा!” मुलं हसायची. तीही हसायची. वर्गात ती चिडून कधी बोलली नाही. चिडायची वेळ आलीच तर खडू खाली ठेवायची आणि खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघत राहायची. मुलं आपोआप गप्प व्हायची.

आता हा नाद तिला कुठून लागला, ते सांगायला हवं. त्याशिवाय तिच्या मुलाचं जे झालं ते कळायचं नाही.

कमलिनीचे वडील छप्पन साली नागपूरच्या कचेऱ्या भोपाळला आल्या, त्यांच्याबरोबर आलेले कारकून. ती जन्मली, वाढली ती टी. टी. नगरच्या क्वार्टरातच. शेजारी एका बाजूला श्रीवास्तव, दुसऱ्या बाजूला खान, समोर तिवारी. आईची मराठी वऱ्हाडी वळणाची, गल्लीतली हिंदी भोपाळी वळणाची. दोन्हींची मिळून जी काही भाषा झाली ती कमलिनी बोलायची आणि त्यात तिला कधी काही अडलं नाही. अडलं ते बाविसाव्या वर्षी, पुण्यात.

आत्यानं स्थळ बघितलं होतं. मुलगा बँकेत. दाखवायचा कार्यक्रम आत्याकडेच. पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली तेव्हा कमलिनीचे हात गार पडले होते. छातीत कोणीतरी मुठीनं ठोकतंय असं वाटत होतं. मुलाची मावशी प्रेमानंच म्हणाली, “बस गं. घाबरलीस का?”

आणि कमलिनी जे आत होतं तेच बोलली, “हो, मला घबराहट होऊन राहिली आहे.”

मग मावशी म्हणाली, “होऊन राहिली? मग आता जायची नाही म्हणा ती, राहिलीच आहे तर!”

खोली फुटली हसून. आत्याही हसली, पदर तोंडाला लावून. मुलगाही हसला. वाईट मनानं कोणी हसलं नाही, पण नकार आला. नकाराची कारणं शंभर असतात, कोणी ते वाक्य सांगून नकार दिला नव्हता. कमलिनीनं मात्र तेच कारण धरलं. भोपाळला परतल्यावर तिनं बाहेरून मराठीत एम. ए. केलं. बोलण्यातलं एकेक हिंदी तण उपटून काढलं. दोन वर्षांनी नीळकंठशी लग्न झालं, तेही भोपाळातच, ओळखीतच. तोवर ती अशी मराठी बोलू लागली होती की मंडळात नव्यानं आलेली माणसं विचारत, “तुम्ही मूळच्या पुण्याच्या का?”

त्या दिवसाचं हसू तिच्या लक्षात राहिलं. हात गार पडले होते, ते ती विसरून गेली.

एकच मुलगा, निनाद. ‘माझ्या मुलावर कोणी हसणार नाही,’ हे तिनं त्याला मांडीवर घेऊनच ठरवलेलं. त्याच्याशी ती पहिल्यापासून स्वच्छ बोलली. शाळेत हिंदी, मित्रांत हिंदी, रस्त्यावर हिंदी, पण दाराच्या आत मराठी. मुलगा गुणी होता, थोडा अबोल. चपला बाहेर काढाव्यात तशी हिंदी बाहेर काढून ठेवून तो घरात यायचा. कधीमधी एखादा शब्द चिकटून आत आलाच तर हसत उठून तांब्या भरायचा.

तो इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असतानाची गोष्ट. संक्रांत झाली होती. मंडळातली मैत्रीण सुमित्रा आणि तिचे यजमान जेवायला आले होते. गुळाच्या पोळ्या होत्या, तुपाची वाटी फिरत होती. सुमित्राचं तोंड आधीच तिखट, त्यात गर्दी असली की फोडणी चढायची. हास्यविनोद चालला होता. निनाद गप्प बसून पोळीचे तुकडे करत होता, खात नव्हता.

“घे ना रे,” कमलिनी म्हणाली.

तो हळू आवाजात म्हणाला, “आई, मला ना सकाळपासून घबराहट होतेय.”

“तांब्या!” सुमित्राचे यजमान ओरडले. सगळे हसले. कमलिनीही हसली. निनादही हसला. उठला, तांब्या भरून आणला आणि पेले भरायला लागला. पाणी पेल्यांत कमी आणि पाटावर जास्त सांडलं. नीळकंठच्या पोळीवरही उडालं.

“अरे, लक्ष कुठंय? आता सांग बरं,” कमलिनी म्हणाली. ती रविवारच्या वर्गात म्हणायची तसंच, अगदी मायेनं. “मराठीत सांग. भीती वाटतेय का?”

“तसं नाही.”

“मग काळजी? परीक्षेची?”

“नाही गं.”

“धास्ती घेतलीस कशाची? का घालमेल होतेय?”

तो विचार करत उभा राहिला. हातात तांब्या तसाच. त्याला खरंच शोधायचं होतं, हे तिला फार पुढं कळलं. तेव्हा सुमित्रा मध्ये पडली. “अगं, एकोणीस-वीसचा पोरगा! हुरहूर म्हणतात त्याला. नाव विचार पोरीचं!”

पुन्हा हशा. निनादचे कान लाल झाले.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “काही नाही.”

“हां! हे कसं, स्वच्छ मराठी,” कमलिनी म्हणाली.

त्यानंतर निनादच्या तोंडून घरात हिंदी शब्द आला नाही. कमलिनीला वाटलं, मुलगा मोठा झाला. “कसा आहेस?” “बरा आहे.” “चेहरा असा का?” “काही नाही.” “जेवत का नाहीस?” “भूक नाही.” कशात दोष काढायला जागा नव्हती. रात्री त्याच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत जळायचा, तिला वाटायचं अभ्यास करतोय. कधी तो कॉलेजातून लवकर यायचा, घाम आलेला असायचा, तिला वाटायचं ऊन लागलं. ती कैरीचं पन्हं द्यायची. तो निमूट प्यायचा.

शिक्षण संपलं, एका कंपनीत नोकरी लागली आणि लगेच त्यानं कोलार रोडला मित्राबरोबर फ्लॅट घेतला, भाड्यानं. “कंपनी जवळ पडते,” म्हणाला. कमलिनीला चटका बसला. त्याच शहरात घर असताना मुलगा वेगळा राहतो म्हणजे काय? मंडळात लोक विचारणार.

“कोलार म्हणजे काय कॅनडा आहे का?” सुमित्रा म्हणाली. “बसनं जाऊन भाजी देऊन येशील गं. आमचा बंगळुरूला जाऊन बसलाय, त्याचं काय?”

कमलिनीनं तेच सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. कोलार म्हणजे काय कॅनडा आहे का.

मग एका सकाळी तिला चक्कर आली म्हणून ती जवाहर चौकात कुलश्रेष्ठ डॉक्टरांकडे गेली. म्हातारे गृहस्थ. तिच्या सासऱ्यांपासून सगळं घर त्यांच्याकडेच औषधाला. त्यांनी दाब मोजला, नाडी धरली आणि दंडाचा पट्टा सोडता सोडता सहज विचारलं, “और बेटे की घबराहट अब कैसी है?”

“किसकी?”

“निनाद की. अब तो आता नहीं. पहले तो हर आठ-दस दिन में बैठा रहता था यहाँ. कहता था, दिल बंद हो जाएगा. मैंने दो बार कार्डियोग्राम निकलवाया, बिलकुल ठीक. फिर मैंने कहा कि बेटा, ये दिल का नहीं, मन का है, किसी अच्छे आदमी को दिखाओ.” ते थांबले. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज खाली आला. “आपको… बताया होगा उसने.”

“हओ,” कमलिनी म्हणाली. “बताया.”

बाहेर आली तर चौकात नेहमीसारखी गर्दी. कोपऱ्यावरचा औषधवाला तिला बघून म्हणाला, “आंटी, भैया ठीक हैं ना? बहुत दिन से दिखे नहीं.” त्याच्या दुकानाच्या पायरीवर निनाद बसायचा म्हणे, हातात पाण्याची बाटली घेऊन. तो त्याला पंख्याखाली बसवायचा. त्यानं ते अगदी सहज सांगितलं. या माणसाला माहीत होतं. डॉक्टरला माहीत होतं, डॉक्टरच्या कंपाउंडरलाही असणार. तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर तिचा मुलगा मरणाच्या भयानं येऊन बसत होता, आणि घरी येऊन ‘भूक नाही’ म्हणत होता.

संध्याकाळी नीळकंठ आला. तिनं चहासुद्धा टाकला नव्हता.

“तुला माहीत होतं?”

त्यानं पिशवी खाली ठेवली. काय, म्हणून विचारलं नाही, यावरूनच तिला उत्तर मिळालं.

“थोडंफार,” तो म्हणाला. “स्कूटरवर बोलायचा कधीकधी. मला वाटलं, परीक्षेचं असतं तसं. आपल्यालाही व्हायचं की.”

“स्कूटरवर? काय बोलायचा?”

“आता शब्दन्‌शब्द कुठे आठवतो? सांगायचा की पापा, ऐसा लगता है… म्हणजे, असं वाटतं की…” तो अडखळला. बायकोसमोर हिंदी बोलू नये ही इतक्या वर्षांची सवय. “श्वास अडकतो म्हणायचा.”

“पापा म्हणतो तुला?”

“स्कूटरवर म्हणतो.”

कमलिनी खुर्चीत बसली. “आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुम्हा दोघांना?”

“तो म्हणाला, आईला नको सांगू. मी विचारलं, का? तर म्हणाला, ती विचारेल कशाची, आणि मला सांगता येणार नाही.”

कमलिनीनं नवऱ्याशी भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. भांडायला शब्द होते, पण ते सगळे त्याला लावता येण्यासारखे नव्हते.

पुढचे काही दिवस तिनं एक विचित्र काम केलं. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना ती त्या एका शब्दाला मराठी जोड शोधत राहिली. मुलाला हवा होता तो शब्द आपण तेव्हा दिला असता तर, असं तिच्या मनानं घेतलं. भीतीला समोर काहीतरी लागतं: साप, साहेब, परीक्षा. काळजी बहुतेक वेळा दुसऱ्याची असते. धास्ती पुढं येणाऱ्या गोष्टीची. घालमेल होते ती दोन वाटांच्या मधे, जावं की राहावं अशी. तगमग तापात होते, जीव कासावीस होतो तो तहानेनं, उन्हानं. हुरहूर कोणी निघून जाताना लागते आणि तिला एक गोडसर कड असते. घुसमट… घुसमट कोणीतरी करत असतं. त्या शब्दापाशी ती बराच वेळ थांबली, ओला टॉवेल हातात घेऊन.

आणि घबराहट? लहानपणापासून गल्लीत ऐकलेला तो शब्द तिनं पहिल्यांदा नीट कान देऊन आठवला. तिवारीणबाईंना पोटात वायू धरला तरी घबराहट व्हायची. खानचाचींना बसमध्ये व्हायची, उकाड्यात व्हायची, मुलगा घरी यायला उशीर झाला तरी व्हायची. श्रीवास्तवांच्या आजीला तर उगाचच व्हायची. दुपारी अंगणात येऊन बसायची म्हातारी. ‘जी घबरा रहा है,’ एवढं म्हणायची आणि बायका सरकून तिला जागा करून द्यायच्या. कशानं, असं कोणी विचारायचं नाही. तो शब्द कारण मागतच नव्हता. कमलिनीनं त्या दिवशी पानावर मुलापुढं टाकलेल्या प्रत्येक मराठी शब्दानं त्याला विचारलं होतं, कशाची? आणि त्याच्यापाशी नेमकं तेवढंच नव्हतं.

हे कळलं, तरी कळून करायचं काय? तिला आता एकच हवं होतं. त्यानं तिला सांगावं. कसंही, पण तिला.

ती कोलारला गेली. रस्ता सगळा खोदलेला, बस धुळीतून डुगडुगत चालली होती. वाटभर तिनं वाक्य जुळवलं होतं. निनादनं दार उघडलं, पाणी दिलं. ती खाटेच्या कडेवर बसली आणि म्हणाली, “बेटा, तुमको घबराहट होता है क्या?”

निनाद बघतच राहिला आणि मग खो खो हसत सुटला. इतकं हसताना तिनं त्याला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. तिच्याही तोंडावर हसू आलं. वाटलं, जमलं.

“आई, अगं, होती है. होता है नाही. आणि तुमको काय! प्लीज, तू हिंदी बोलू नकोस. कसंतरीच वाटतं.”

“मग मराठीत सांग. काय होतं तुला? डॉक्टर म्हणाले…”

हसू पुसलं गेलं. “काही नाही. तेव्हाचं होतं ते. आता बरा आहे मी. चहा घेशील?”

तिनं चहा घेतला आणि धुळीतून परत आली.

दुसऱ्यांदा गेली ती रविवारी. वर्गाला तिनं सुट्टी दिली होती, आयुष्यात पहिल्यांदा. डब्यात भरली वांगी होती. निनादचा मित्र सौरभ मालवीय आत स्वयंपाकघरात भांडी घासत होता. निनाद शर्टाला इस्त्री करत होता, तिच्याशी बोलतही होता, ऑफिसातल्या कोणाची तरी नक्कल करत होता. आणि बोलता बोलता थांबला. इस्त्री उभी केली. चेहऱ्यावरचा रंग उतरत जाताना तिनं पाहिला. त्यानं छातीवर हात दाबला आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. श्वास असा येऊ लागला, जसा धावून आलेल्याला येतो.

“काय झालं? निनाद! कुठे दुखतंय? छातीत? काय होतंय, सांग ना! सांग काहीतरी!”

तो मान हलवत राहिला. ती जितकं विचारत गेली तितका श्वास वाढत गेला. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता.

सौरभ ओल्या हातांनी धावत आला. “आंटी, कुछ मत पूछिए. पूछने से बढ़ती है.” तो निनादच्या शेजारी भिंतीला टेकून बसला, खांद्याला खांदा लावून. “हाँ भाई. बैठा हूँ. अपन को कहीं नहीं जाना. आने दे, चली जाएगी.” मग वर बघून अदबीनं म्हणाला, “आप ज़रा बाहर बैठेंगी? दस मिनट. बुरा मत मानिएगा.”

ती बाहेर जिन्यात आली. सौरभनं दार हलकेच ओढून घेतलं. आतून थोड्या वेळानं निनादचा आवाज आला, तुटक, धापांमधून. “यार… फिर वही…” आणि मग तो बोलू लागला. थांबत थांबत, पण बोलत राहिला. तिचा अबोल मुलगा. इतकं सलग बोलताना तिनं त्याला घरात कधीच ऐकलं नव्हतं.

दाराला कान लावला असता तर सगळं कळलं असतं. जे ऐकायला ती आली होती तेच आत चाललं होतं. ती एक पायरी उतरली. आवाज अजून येत होता. आणखी उतरली, मग आणखी, आणि आवाज येईनासा झाला तिथं भिंतीला धरून बसली. ते त्याचं होतं. त्यानं तिला दिलं नव्हतं.

खालच्या मजल्यावरची बाई केर काढत वर आली. “किससे मिलना है, बहनजी?”

“मिल ली,” कमलिनी म्हणाली.

बऱ्याच वेळानं निनाद खाली आला. तोंड धुतलेलं, केसांना पाणी. तिच्या वरच्या पायरीवर बसला.

“तू ऐकलंस?”

“नाही. खाली आले.”

जिन्याच्या झरोक्यातून खालच्या रस्त्यावरच्या यंत्राचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, “आई, ते येतं ना, तेव्हा असं…” आणि हातानं हवेत काहीतरी दाखवायला लागला. छातीपासून वर, गळ्यापर्यंत. शब्द शोधत होता. लहानपणी अडला की बघायचा तसंच त्यानं तिच्याकडे बघितलं. तिच्या जिभेवर सगळे शब्द ओळीनं उभे होते. तिनं दात घट्ट मिटले.

“जाऊ दे,” तो म्हणाला.

“कसंही सांग रे. हिंदीत सांग. अर्धंच सांग. मी काही म्हणणार नाही.”

“तुझ्याशी हिंदीत बोललो की ते खोटं वाटतं, आई. नाटकातल्यासारखं. आणि मराठीत मला येत नाही.” तो हे रागानं म्हणाला नाही. अगदी साधेपणानं, हिशेब जुळत नाही म्हणावं तसं म्हणाला. “सौरभ नेतो मला डॉक्टरकडे. मनाच्या. गोळ्या सुरू आहेत. फरक आहे. तू काळजी नको करूस.”

“बरं.”

“सांगीन. आज नको.”

“बरं,” ती पुन्हा म्हणाली. डबा वर राहिला होता. तो म्हणाला, “वांगी सौरभलाही आवडतात,” आणि तिला बसपर्यंत सोडायला आला.

त्याला आता वर्ष होत आलं. टी. टी. नगरचे जुने क्वार्टर एकेक करून पडताहेत. त्यांच्या घरामागची ओळ सपाट होत आली आहे. रविवारचा वर्ग चालू आहे. मुलांचं बोलणं तिच्या कानाला अजूनही खटकतं आणि ती सांगतेही, पण आधी त्यांना बोलून पुरं करू देते. निनाद सणावाराला येतो, जेवतो, हसतो. सांगीन म्हणाला होता ते अजून सांगितलेलं नाही.

परवा दुपारी ती मेथी निवडत बसली होती. फोन वाजला. निनाद. या वेळी तो ऑफिसात असतो.

“हां, बोल.”

पलीकडून शब्द नाही. नुसता श्वास. धावून आल्यासारखा. मागून गाड्यांचे आवाज. कुठेतरी रस्त्यावर उभा असावा. सौरभ त्या आठवड्यात गावी गेला होता, हे तिला ठाऊक होतं.

तिच्या घशाशी सगळे प्रश्न आले. कुठे आहेस? काय होतंय? येऊ का? तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. हात गुंतवायला तिनं समोरची जुडी उचलली.

“मी मेथी निवडतेय,” ती म्हणाली. “कोवळी मिळाली आज, पण मातीच फार. चार पाण्यांतून काढावी लागणार.” श्वास तसाच येत होता. “मागचा क्वार्टर पाडताहेत, सगळी धूळ इकडे. सकाळी वाळत घातलेले कपडे पुन्हा धुतले. बाबांचा चष्मा दोन दिवस सापडत नव्हता, आज फ्रिजमध्ये निघाला, लोण्याच्या भांड्यामागे. म्हणतात, मी ठेवलाच नाही. मग काय चष्मा चालत गेला? सुमित्रामावशी काल आली होती. गुडघा दुखतो म्हणते आणि जिने चढून सगळ्यांच्या घरी जाते दुखतो म्हणून सांगायला.”

पलीकडे कुठेतरी, श्वासाच्या मधे, नाकातून आल्यासारखा एक आवाज झाला. हसल्यासारखा. खात्रीनं सांगता येणार नाही. ती बोलतच राहिली. जुडीमागून जुडी संपली. दुधाबद्दल बोलली, गच्चीवर आलेल्या माकडांबद्दल बोलली, बोलायला काही उरलं नाही तेव्हा पुन्हा मेथीबद्दल बोलली. श्वास हळूहळू खाली बसत गेला. मग नुसते गाड्यांचे आवाज राहिले.

“आई.”

“हं.”

“ठेवू?”

“ठेव.”

फोन बंद झाला. तिनं खाली बघितलं तर चाळणीत देठ होते आणि कचऱ्याच्या कागदावर सगळी पानं. तिनं फोन मांडीवर ठेवला, कागद पुढे ओढला आणि एकेक पान वेचायला लागली.